रानात मुक्कामाला निघण्याआधी

प्रिय सुहास,

मुलांना घेऊन रानात राहायला निघालायस, आणि किडा-माशी चावली तर काय करायचं ते विचारलंयस. सगळ्यात जास्त भेटणार ती मधमाशी, म्हणून तिच्यापासून सुरू करतो.

तिच्या काट्याला उलटे दात असतात. त्यामुळे चावून उडताना काटा विषाच्या पिशवीसकट आपल्या कातडीत राहतो, आणि माशी गेल्यावरही ती पिशवी आत विष ढकलत राहते. काटा दिसला की उपट. नखाने खरवड नाहीतर चिमटीत धर, कसाही काढ. चिमटीत धरलं तर विष पिळलं जातं, या समजुतीने लोक खरवडायला एटीएमसारखं कार्ड शोधत बसतात आणि तेवढ्यात पिशवी रिकामी होते! मात्र पोळं जवळ असेल तर आधी तोंड झाकून पळा. काट्याच्या वासाने बाकीच्या माश्या चवताळतात. पाण्यात उडी घेऊ नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, पण एकटीच पुन्हा पुन्हा चावते.

पुढचं सोपं आहे. साबण-पाण्याने धू, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धर, हाताला चावली असेल तर सुजायच्या आत अंगठी काढ. खाजेला सेटिरिझिन, ठणक्याला पॅरासिटामॉल. मुलांचा डोस डॉक्टरांकडून लिहून घे. सूज दुसऱ्या दिवशी वाढली तरी घाबरू नकोस, तिला उतरायला आठवडाही लागतो. पू, ताप किंवा दिवसेंदिवस पसरणारी लाली दिसली तर मात्र डॉक्टर गाठ.

माझा सगळा जीव अडकतो तो चावल्यानंतरच्या अर्ध्या तासात. चावलं हाताला आणि गांधी उठल्या अंगभर, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, छातीत घरघर, उलट्या, चक्कर, यातलं काही दिसलं तर गोळी देऊन वाट बघू नकोस. तिथे ॲड्रेनॅलिन या औषधाचं इंजेक्शनच लागतं. कुणाला आधी असा त्रास झाला असेल, तर ते इंजेक्शन पिशवीच्या तळाशी नको, तुझ्या खिशात असू दे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही देता येतं. मग आडवं झोपवून पाय उंच कर. दम लागत असेल तर बसव. उठून चालू देऊ नकोस. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं दे. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. तोंडात-घशात डंख बसला किंवा एकाच वेळी पुष्कळ माश्या चावल्या, तरीही न्यायचं.

कोळ्यांची भीती मला जरा फुगवलेली वाटते. बहुतेकांचा चावा धुऊन, गार शेकून भागतो. पण पोटात किंवा पाठीत पेटके आले, दरदरून घाम फुटला किंवा चावल्याजागी फोड येऊन कातडी काळी पडू लागली, तर न थांबता दवाखाना गाठ. चिरा देणं, विष चोखणं, दोरी आवळणं यातलं काहीही कुणाला करू देऊ नकोस.

रोज संध्याकाळी मुलांच्या काखा, जांघा, कानामागे गोचीड बघ. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ. तेल लावू नकोस, चटका देऊ नकोस. नंतर त्या जागी लाल चट्टा पसरला किंवा ताप आला, तर गोचीड चावला होता हे डॉक्टरांना आठवणीने सांग.

आणि निघण्याआधी सगळ्या पालकांना ॲलर्जीचं विचारून घे. त्यांची उत्तरं मला फोनवर वाचून दाखव.

तुझा,
अविनाश