तापमान ‘मोजले’ की ‘काढले’?

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेवरचा लेख वाचला. हा विषय मराठीत आला याचा आनंद आहेच. पण ‘शिशाची अणुकेंद्रे आदळली तेव्हा सूर्याच्या गाभ्याच्या लाखपट तापमान मोजले गेले’ या वाक्याशी अडखळले. मोजले कशाने? सेकंदाचे कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी, त्याचेही कोटी; टकरीतून तयार होणारा तप्त गोळा त्याहून कमी काळ टिकतो.

मोजतात तो बाहेर फेकल्या गेलेल्या कणांचा संवेग. अ‍ॅलिस या सर्नमधल्याच प्रयोगात (आयआयटी मुंबईचा गट यात आहे) चुंबकीय क्षेत्रात कणाची वाट किती वाकली यावरून, झोताच्या आडव्या दिशेचा संवेग काढतात. किती संवेगाचे किती कण, हे सेमी-लॉग कागदावर (ज्याची उभी पट्टी दहादहापटींनी चढते) मांडले की उतरती रेषा मिळते. तापमान या उतारात दडलेले असते.

आणि उतार फसवतो. मी महाविद्यालयात एकतीस वर्षे डायोडचे प्रॅक्टिकल घेतले; वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या या घटकाच्या प्रवाह-व्होल्टेज आलेखाच्या उतारातही तापमान असते. एकदा एक मुलगा उतारावरून गणित करून आला, “मॅडम, खोलीचं तापमान २६७ अंश आलंय.” पंखा चालू होता, आम्ही कोणी भाजलो नव्हतो! त्याने डायोडचा आदर्शता गुणक (खरा डायोड आदर्श डायोडपासून किती ढळतो ते सांगणारा अंक) १ धरला होता, तो १.८च्या आसपास होता. उतारात दोन गोष्टी मिसळल्या होत्या, त्याने एकच पाहिली.

इथेही तसेच. पायॉन, केऑन, प्रोटॉन या चढत्या वस्तुमानाच्या तीन कणांचे उतार वेगवेगळे येतात, जड कणाचा जास्त सपाट. मग प्रोटॉन जास्त तापलेला म्हणायचा का? नाही. गोळा नुसता तापलेला नसतो, तो बाहेर फुगतही असतो. आम्हा सांगलीकरांना हे सांगायला नको. कृष्णेच्या पुरात नारळ आणि ओंडका एकाच वेगाने वाहत येतात, पण आयर्विन पुलाच्या खांबाला दणका बसतो तो ओंडक्याचा. तसेच फुगण्याचा लोंढा जड कणाला जास्त संवेग देतो. १९९३ मध्ये मांडलेल्या ‘ब्लास्ट-वेव्ह’ प्रारूपात तिन्ही कणांचे आलेख एकत्र घेऊन तापमान आणि लोंढ्याचा वेग वेगळे काढतात. २.७६ टीईव्ही ऊर्जेच्या (टीईव्ही आणि एमईव्ही ही कणांच्या ऊर्जेची एकके) समोरासमोरच्या टकरींत कण शेवटचे सुटे होतानाचे तापमान सुमारे ९५ एमईव्ही, म्हणजे एक लाख कोटी अंशांच्या थोडे वर आले आणि लोंढ्याचा सरासरी वेग प्रकाशाच्या ६५ टक्के. आरंभीचे तापमान याहून जास्त. त्यासाठी गोळ्यातून न अडकता निसटलेला प्रकाश पाहावा लागतो, आणि फुगण्याचा परिणाम त्याच्याही उतारावर होतोच.

मोठ्या संवेगाला तर ही रेषा बसतच नाही, शेपूट वर राहते. तिथे काहीजण भौतिकशास्त्रज्ञ त्सालिस यांचे १९८८चे सूत्र वापरतात. त्यात एक जादा अंक असतो, आणि तो घेतला की ‘तापमान’ही बदलते. रेषा छान बसली म्हणजे भौतिकी कळली, असे मी तरी विद्यार्थ्यांना कधी म्हटले नाही.

लेखकाने ‘मोजले’च्या जागी ‘काढले’ लिहून सूत्राचे नाव दिले असते, तर हे पत्र लिहिलेच नसते.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (भौतिकशास्त्र), सांगली