डायलिसिसच्या ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,

मिरजेच्या सेंटरवर सकाळच्या शिफ्टला तुम्ही माझ्या आईचं डायलिसिस लावायचात. तुमची बदली झाल्याचं आम्हाला उशिरा कळलं, निरोप घ्यायचा राहून गेला. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचेलच, आणि वाटेत किडनीच्या पेशंटच्या चार घरांत वाचलं गेलं तर मला हवंच आहे.

सुई टोचताना तुमचा हात किती हलका होता, बीपी खाली गेलं की तुम्ही कशा धावत यायचात, त्याचे आभार आहेतच. पण त्याहून मोठे उपकार आहेत ते तुम्ही समजावून सांगितल्याचे. घरी येणारा-जाणारा रक्ताच्या रिपोर्टातला किडनीचा आकडा तेवढा विचारायचा, "क्रिएटिनिन किती आलं?" तुम्ही आईला विचारायचात, "जिना चढताना धाप लागते का? छातीवर दाब वाटतो का?" याचा किडनीशी काय संबंध, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही स्टूल ओढून माझ्याजवळ बसलात.

रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्ताच्या गाठी धरत नाहीत. शरीरातलं या वायूचं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. किडनी थकली की एडीएमए नावाचं द्रव्य रक्तात साचतं आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतं. लंडनच्या संशोधकांनी हे 1992 मध्येच दाखवून दिलं होतं, हे मी नंतर वाचलं.

तुम्ही मात्र सुरुवात पोटापासून केलीत. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असतं. आतड्यातले जिवाणू त्यातल्या काही भागाचं इंडोल करतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट बनवतं. धडधाकट किडनी ते ओढून लघवीत टाकते. किडनी निकामी झाली की ते रक्तातच फिरत राहतं आणि अस्तराच्या पेशींना आतून जाळतं. त्या पेशींवरचा गुळगुळीत लेप झिजतो, सूज धरते, नायट्रिक ऑक्साइड आणखी घटतं, रक्त गोठवणारी प्रथिनं जागी होतात.

"मग डायलिसिसने ते निघत नाही का?" माझा पुढचा प्रश्न. त्यावर तुम्ही एसटीचं उदाहरण दिलंत, ते आमच्या घरात अजून सांगितलं जातं. युरिया म्हणजे पायी चालणारा माणूस, फाटकातून, म्हणजे मशीनच्या गाळणीच्या छिद्रांतून, सहज बाहेर पडतो. इंडॉक्सिल सल्फेट मात्र अल्ब्युमिन या रक्तातल्या मोठ्या प्रथिनाच्या एसटीत बसलेलं असतं. एसटी काही त्या फाटकातून जात नाही, उतरलेले तेवढेच प्रवासी बाहेर. नव्वद टक्क्यांहून जास्त तर बसूनच असतात. म्हणून एका डायलिसिसमध्ये युरिया 65 टक्क्यांच्या वर उतरतो आणि हे जेमतेम तिसरा हिस्सा. रिपोर्ट चांगला दिसत असतानाही हृदयाकडे लक्ष का ठेवायचं, ते मला तिथे नीट उमगलं.

हे ऐकून मावशीने लगेच आईची डाळच बंद करायचं ठरवलं होतं. तुम्ही तिला ठामपणे थांबवलंत. डायलिसिसवर प्रथिनं वाहून जातात, पेशंटला ती जास्तच लागतात. उपाशी ठेवलं तर अंगातलं मांस झडेल. बद्धकोष्ठ मात्र अंगावर काढू नका, आणि कोणत्या भाज्या किती हे आहारतज्ज्ञांना विचारा, कारण पोटॅशियमचं भान ठेवावंच लागतं. स्वतःला जे ठरवायचं नाही तिथे तुम्ही दर वेळी "हे सरांना विचारा" म्हणायचात. त्या सावधपणामुळेच तुमच्या बाकीच्या शब्दांवर आमचा विश्वास बसला.

आईची मिश्रीही तुमच्यामुळेच सुटली. आम्ही वर्षानुवर्षं सांगून थकलो होतो. तंबाखू त्याच अस्तरावर दुसरा घाव घालते, असं तुम्ही तिच्याच भाषेत सांगितलंत आणि तिने डबी स्वतः टाकून दिली.

फिस्तुलाचंही तसंच, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून केलेल्या वाटेचं. माझी बोटं धरून तुम्ही आईच्या मनगटावर ठेवलीत, कातडीखालून मांजर गुरगुरावी तशी थरथर लागली. "ही रोज सकाळी बघायची. लागली नाही तर डायलिसिसच्या दिवसाची वाट बघू नका, तसेच निघा." पुढे एकदा ती मंद लागली. आम्ही तडक निघालो, आतली रक्ताची गाठ वेळेत काढता आली, फिस्तुला वाचली. धाप लागते हेही आईने लपवलं नाही. टूडी एको झाला, मग अँजिओग्राफी. आता हृदयाची औषधं चालू आहेत आणि ती परवा देवळाच्या पायऱ्या न थांबता चढली.

ताई, एका शिफ्टमध्ये इतकी मशीनं सांभाळायची, अलार्म वाजत असतात, पुढचे पेशंट दारात उभे असतात. त्यातून वेळ काढून पेशंटच्या घरच्यांना शिकवा, असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या नव्या सेंटरवाल्यांना माझी विनंती आहे, या बाईंना बोलायला वेळ द्या.

कधी मिरजेला आलात तर घरी जेवायलाच या. आईने सांगायला सांगितलंय.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी