धुराडं असताना वेगळा पाइप का

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "घराला एवढं मोठं धुराडं असताना नव्या बॉयलरला वेगळा पाइप कशाला?" तेवढ्यात फोन तुटला. उत्तर लांब आहे, म्हणून लिहायलाच बसले. गेले दोन महिने माझ्या डोक्यात हाच एक पाइप आहे.

इथे कॅनडात बॉयलर गॅसवर पाणी तापवतो; ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांतून फिरून घर गरम करतं आणि परत येतं. जुना बॉयलर बरीच उष्णता धुराड्यातून घालवायचा. तो धूर इतका तापलेला असायचा की आपोआप वर चढायचा. नवा बॉयलर ती उष्णता धरून ठेवतो. एक घनमीटर गॅस जळला की साधारण दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. रेडिएटरमधून परतणारं पाणी ५५ अंशांच्या बरंच खाली असलं, तर ही वाफ बॉयलरच्या आतच थंड होऊन पाणी होते आणि तिच्यातली उष्णताही घराला मिळते. म्हणून कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर जाते. पण मग बाहेर पडणारा वायू कोमट आणि ओलाचिंब. वर चढायचा जोर त्याच्यात उरत नाही, पंख्याने ढकलावा लागतो. त्यातून ते पाणी आम्लधर्मी, सामू (पीएच) तीन-चारच्या घरातला. विटांच्या धुराड्यात सोडलं तर चुना खातं, आणि थंडीत तिथेच गोठून विटा फोडतं. म्हणून बंदिस्त प्लास्टिकचा पाइप.

आता तो काढायचा कुठून? कंत्राटदार पहिल्याच भेटीत म्हणाला, तळघराच्या भिंतीला भोक पाडू, एका दिवसात काम होईल. इथली पुष्कळ घरं असंच करतात आणि जागा मोकळी असेल तर त्यात काही चूक नाही. पण मी टेप घेऊन बाहेर गेले. आमची ती भिंत वाऱ्याच्या तोंडावर आहे, गेल्या हिवाळ्यात बर्फाचा ढीग खिडकीच्या चौकटीला लागला होता. पाइपाचं तोंड बर्फाच्या अपेक्षित पातळीच्या निदान ३० सेंटीमीटर वर हवं, शिवाय खिडक्या आणि गॅसचा रेग्युलेटर यांच्यापासूनही अंतर सोडावं लागतं. मोजून पाहिलं तर सोयीची जागाच उरत नव्हती. शेजाऱ्यांच्या भिंतीतल्या पाइपाखाली बोटभर जाडीचा बर्फाचा थर आणि पोपडे सुटलेल्या विटा मी रोज बघते. त्यांचा पाइप एका रात्री बर्फाखाली गाडला गेला आणि बॉयलर बंद पडला. बंद पडला हे नशीब. बाहेर टाकलेला वायूच पुन्हा आत ओढला जाऊ लागला, तर ज्वलन बिघडून कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि त्याला ना रंग ना वास.

मग छपरावरून न्यायचं ठरलं, आणि इथे बाबा, तुमचं धुराडं कामाला आलं! धूर सोडायला नाही, नुसती वाट म्हणून. रिकाम्या धुराड्यातून नवे पाइप, एक वायू सोडणारा आणि एक बॉयलरसाठी बाहेरची हवा ओढणारा, खाली सोडता येतात. अट एकच, दुसरं कुठलंही उपकरण त्याच धुराड्यात धूर सोडत नसावं. आमचा पाणी तापवायचा गॅसचा बंब सोडत होता. पुष्कळ लोक बॉयलर बदलतात आणि बंब तसाच ठेवतात. एकट्या बंबाला एवढं मोठं धुराडं तापवता येत नाही, ओढ मंदावते आणि वायू घरात परततो. म्हणून बंब काढला. आता बॉयलरच्याच पाण्यावर तापणारी टाकी बसवली आहे.

पाइप कुठला, यावर मी सर्वात जास्त वाद घातला. कॅनडात या कामाचा प्लास्टिक पाइप एस ६३६ मानकाचा लागतो. त्यात पीव्हीसी ६५ अंशांपर्यंत चालतो, सीपीव्हीसी ९० पर्यंत आणि पॉलिप्रॉपिलीन ११० पर्यंत. आमचे रेडिएटर जुने, बिडाचे. कडाक्याच्या थंडीत त्यांना चांगलं गरम पाणी लागतं, तेव्हा बाहेर जाणारा वायूही तापतो. म्हणून पॉलिप्रॉपिलीन घेतला. त्याचे सांधे गोंदाने नाही, रबरी कड्यांनी बसतात, आणि सगळे भाग एकाच कंपनीचे लागतात.

तळघरातला आडवा तुकडा दोनच मीटर आहे, पण त्याला बॉयलरकडे उतार हवा, मीटरला साधारण दोन सेंटीमीटर. तुम्ही लहानपणी मला पाणसळ धरायला शिकवली होतीत, ती इथे उपयोगी पडली. दोन क्लॅम्पांच्या मध्ये पाइपाने किंचित पोट काढलं होतं. अशा पोटात पाणी साठतं, वायूची वाट अडते आणि बॉयलर गचके खायला लागतो. मी ते काढून पुन्हा बसवायला लावलं. वरून परतणारं पाणी आता संगमरवराच्या खड्यांवरून जातं, तिथे त्याचं आम्ल मारलं जातं आणि ते घरातल्याच गटारात उतरतं. त्या पाण्याची नळी मी एक वीतभरही घराबाहेर जाऊ दिली नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून असे बॉयलर सक्तीचे झाले, आणि डिसेंबर २०१० च्या थंडीत कित्येकांचे बॉयलर याच बाहेरच्या नळ्या गोठून बंद पडले.

छपरावर दोन तोंडं आहेत. वायू सोडणारं सरळ वर, हवा ओढणारं त्याच्या हातभर खाली आणि जमिनीकडे वळवलेलं. तोंडावर जाळी लावू दिली नाही, ओल्या वायूचं दंव जाळीवर धरलं की भोकं बुजतात. झोपण्याच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बसवले आहेत.

आज सकाळी उणे २७ होतं. मी रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं. वाफ सरळ वर जात होती, कडेला दंवाची पातळ चकती होती, पण दोन्ही तोंडं उघडी होती. तळघरात येऊन पाइपावर तळहात ठेवला, तर नुसता कोमट लागला. आराखडा काढून सोबत पाठवते आहे. उतार बरोबर आहे का, एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या.

आईला नमस्कार.

तुमची लेक