चौथ्या प्रकरणातली चिठ्ठी

प्रिय ग्रंथपालबाई,

खरं तर हे पत्र तुमच्या टेबलावर आणून ठेवायचं. पण आमच्यासारखी आणखी चार घरं असतील, म्हणून उघडच लिहिते आहे. तुम्हाला संकोच वाटेल, त्याबद्दल आधीच माफी.

माझा अकरा वर्षांचा मुलगा महिनाभर घुम्यासारखा वागत होता. ऑनलाइन गेममध्ये भेटलेल्या कुणा ‘दादा’ला त्याने पासवर्ड दिला होता आणि दोन वर्षं खेळून जमवलेलं सगळं एका रात्रीत गेलं होतं. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. उलट ताईनेच माझा गेम बिघडवला, असा कांगावा करून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

तुम्ही त्याला काहीच विचारलं नाहीत. सी. एस. लुईसचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हातात दिलंत आणि चौथ्या प्रकरणात चिठ्ठी घातलीत. तिच्यावर पेन्सिलीने एवढंच: ‘ती आधी काय देते आणि मग काय विचारते, बघ.’

हे पुस्तक मी लहानपणी वाचलं होतं आणि त्यातल्या एडमंड नावाच्या मुलाला खादाड, खोटारडा म्हणून निकालात काढलं होतं. या वेळी आम्ही दोघांनी मिळून वाचलं. कपाटातून वाट जाते त्या नार्निया नावाच्या जादुई देशात पांढरी चेटकीण गारठलेल्या एडमंडला आधी गरम काहीतरी प्यायला देते, मग खायला काय आवडेल ते विचारते. टर्किश डिलाइटने तोंड भरलं की हळूच प्रश्न सुरू: भावंडं किती? चारच ना? नक्की? ती मिठाईही मंतरलेली, खाल तितकी हाव वाढवणारी. (कादंबरी 1950 सालची. इंग्लंडमध्ये गोळ्या-चॉकलेटवरचं रेशनिंग 1953 साली उठलं. तेव्हाचे छोटे वाचक एडमंडला फारसे हसले नसावेत.)

‘दादानेपण आधी गिफ्टच दिलं होतं,’ मुलगा म्हणाला आणि पान उलटलं. मी गप्प राहिले. कशी राहिले, माझं मला माहीत.

मला आधी कळलं असतं तर ‘अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा नाही’ हे भाषण मी नक्की ठोकलं असतं. पण एडमंडची धाकटी बहीण लूसीही नार्नियातल्या अनोळखी टम्नसकडे (अर्धा माणूस, अर्धा बोकड) चहाला जातेच की! तोही चेटकिणीच्याच पगारावर. चूक दोघा भावंडांची एकच. फक्त टम्नसला रडू फुटतं, तो सगळं कबूल करतो आणि तिला परत दिव्याच्या खांबापाशी आणून सोडतो. म्हणजे लूसी शहाणी ठरली ती समोरच्याला लाज वाटली म्हणून. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पुढे एडमंड लूसीला तोंडावर खोटं पाडतो, नार्नियाबिर्निया सगळा खेळ होता म्हणतो. तिथे आमचं वाचन थांबलं. मुलगा उठून ताईच्या खोलीत गेला. दार लोटलं होतं, आतलं काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने दोघं बाहेर आली आणि पासवर्डची सगळी हकीकत ताईनेच सांगितली. तो तिच्यामागे उभा होता.

गेमचं खातं काही परत मिळालं नाही.

वाचन मात्र पुन्हा सुरू झालं. वाट दाखवणाऱ्या रॉबिन पक्ष्यावर एडमंड संशय घेतो तेव्हा मुलगा वैतागला: ‘चेटकिणीवर नाही घेतला, आणि पक्ष्यावर घेतोय!’ पुढे तोच एडमंड चेटकिणीच्या अंगणातल्या दगडी सिंहाला पेन्सिलीने मिशा आणि चष्मा काढतो, तिथे महिन्याभरात पहिल्यांदा मुलगा खळखळून हसला. मग विचारलं, ‘आई, आतून घाबरलाय ना तो? मग मिशा कशाला काढतो?’ मला उत्तर देता आलं नाही.

पुस्तक परत करायची तारीख उलटली आहे. शनिवारी तो स्वतः घेऊन येईल आणि मिशांचं तुम्हालाच विचारेल. चिठ्ठी मात्र परत मिळणार नाही. ती ताईने ठेवून घेतली आहे.

तुमची ऋणी,
एका वाचकाची आई