दाढेची गोळी अन् बीपीची गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाची आपली पुरवणी गल्ल्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. तेल कुठलं खावं, मीठ किती, रोज किती चालावं, सगळं आहे. शेवटच्या पानावर कोपऱ्यात एक चौकट आहे : ‘दात घासा, हार्ट अटॅक टाळा’. जेमतेम चार ओळी. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे. मथळा जरा जास्तच बोलतो, आणि सांगायला हवं होतं ते राहूनच गेलंय.

किल्ले धारूरला माझं औषधांचं दुकान आहे, ३१ वर्षं झाली. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची गोळी नेणारं माणूस पैसे देऊन पायरी उतरता उतरता मागं वळतं. “आन् काका, दाढ ठणकायली दोन दिवसांपासून. तिच्यासाठी बी द्या काहीतरी.” दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत जातात. चिठ्ठी असते ती फक्त पहिलीची.

आधी मथळ्याचं बघू. १९८९ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांचे दात तपासले, तर ते इतरांपेक्षा वाईट अवस्थेत होते. तेव्हापासून असे कितीतरी अभ्यास झाले आणि बहुतेकांत हा संबंध दिसला. पण २०१२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळा पुरावा चाळून स्पष्ट लिहिलं की, संबंध आहे, मात्र हिरड्यांमुळेच हृदयविकार होतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि हिरड्यांवर उपचार केले की अटॅक टळतो हेही नाही. तंबाखू, मधुमेह, वय, गरिबी ही मंडळी हिरड्याही खातात आणि रक्तवाहिन्याही. आमच्या गिऱ्हाइकांत तर हे सगळं एकाच घरात नांदतं. कुणाचा दोष किती, हे वेगळं काढायचं कसं?

म्हणून संबंध फुकाचा आहे असंही नाही. आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्यात दाताच्या मुळाशी कीट साचून दगडासारखं घट्ट होतं. दात आणि हिरडी यांच्यामधली खाच निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर असते, ती खोल होत जाते आणि आत जंतूंचा अड्डा बसतो. भाकरी चावताना, दात घासताना त्यातले जंतू रक्तात उतरतात. शरीर वर्षानुवर्षं धुमसत राहतं आणि ही सूज रक्ताच्या सीआरपी तपासणीत दिसते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जो चरबीचा थर साचतो, त्यात तोंडातल्या जंतूंचा डीएनए सापडलेला आहे. २००७ मध्ये हिरड्यांचा जबर आजार असलेल्या १२० जणांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हिरड्या खोलवर साफ केल्या, त्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम पहिल्या दिवशी उलट बिघडलं, पण सहा महिन्यांनी इतरांपेक्षा सुधारलेलं दिसलं. यावरून अटॅक टळतो असं म्हणता येत नाही. तोंडातल्या आगीची झळ नसांपर्यंत पोचते, एवढं मात्र म्हणता येतं. शुगरचं नातं याहून पक्कं आहे आणि दोन्हीकडून आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

आता जे राहून गेलं ते. तोंडाचं दुखणं काळजापर्यंत नेणारी एक वाट जंतूंची, दुसरी आमच्या काउंटरवरून जाते.

दाढ ठणकली की लोक डायक्लोफिनॅक मागतात. ही दुखणं मारणारी गोळी बीपी वाढवते आणि हृदयाच्या रुग्णाला ती देऊच नये असं औषधशास्त्र सांगतं. चिठ्ठीशिवाय विकूही नये असं कायदा सांगतो. सुरुवातीची बरीच वर्षं मीही ती देत आलो, ओळखीच्यांना तर हमखास. गिऱ्हाईक मोडवत नाही, हे त्याचं खरं कारण. आता देत नाही, तर लोक पुढच्या दुकानात जातात.

बीपीसाठी सर्रास चालणारी अम्लोडिपिन काही रुग्णांच्या हिरड्या फुगवते, त्या दातांवर चढू लागतात. माणूस समजतो उष्णता झाली आणि गुलकंद खातो. डॉक्टरला सांगितलं तर गोळी बदलून मिळते. पण सांगायला आधी कुणी विचारायला हवं ना! स्वतःच्या मनाने बंद करायची मात्र नाही.

सगळ्यात धोक्याची रक्त पातळ करायची गोळी. माझ्या थोरल्या भावाला लातूरला स्टेंट बसला, म्हणजे हृदयाची नस उघडी ठेवणारी जाळी. त्याचे दात स्टेंटच्या किती आधीपासून हलत होते. तंबाखू-चुना चाळीस वर्षांचा. स्टेंट घालताना तोंडात कुणी डोकावलं नाही, आणि दात काढायला गेला तेव्हा छातीबद्दल कुणी विचारलं नाही. “रक्त थांबायचं नाही” असं गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून यानेच रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या सहा दिवस बंद ठेवल्या. सातव्या दिवशी रात्री छातीत कळ आली. गाडी करून अंबाजोगाईला नेलं, वाचला. सख्खा भाऊ औषध दुकानदार, आणि मला हे नंतर कळलं! स्टेंटनंतर या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवायच्या नसतात. बहुतेक वेळा त्या चालू ठेवूनच दात काढता येतो. जखमेवर दाब देऊन, टाका घालून रक्त थांबतं.

हृदयाची झडप बदललेल्यांनी तर दातांच्या डॉक्टरला खुर्चीत बसण्याआधीच तसं सांगावं. अशा रुग्णांना दात काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात, कारण तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसले तर जिवावर बेततं.

आता मिश्री. आमच्या भागात बायकांच्या तोंडातली मिश्री कुणी व्यसनात धरतच नाही, ती ‘दात घासणं’ असते. तव्यावर काळी करून भाजलेली तंबाखू सकाळी एकदा, दुपारी एकदा, उसाच्या फडात तर भूक मारायला म्हणून आणखी दोनदा. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्याला कोण अडवणार? (राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ती कशी चालते ते आपले वार्ताहर जाणतातच.) एका मावशींना मी म्हटलं, हिरड्या दाखवून या. त्या म्हणाल्या, “दुखत न्हाई तर काय दाखवू?” पायोरियाचं हेच वाईट. तो दुखत नाही. दात हलायला लागला की वय झालं म्हणायचं, आणि ‘साफ केल्यावर दात ढिले होतात’ ही भीती आहेच. ढिले ते आधीच झालेले असतात, कीटाच्या दगडाने धरून ठेवलेले असतात, एवढंच.

आरोग्य खात्याच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या माणसांचं बीपी आणि शुगर तपासतात, तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंडही बघतात. म्हणजे टॉर्च आहे, तोंड उघडलेलं आहे, सिस्टर समोर उभी आहे. हिरडीवर नजर टाकायला आणि “रक्त येतं का? दात हलतो का? छातीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?” एवढं विचारायला अर्धं मिनिट लागेल. ज्याला गरज आहे त्याला उपजिल्हा रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्यावी. संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय इथून पावणेदोनशे किलोमीटर. कीट काढून घ्यायला रोजगार बुडवून तिथवर कुणी जाणार नाही.

आणि हे लवकर व्हावं. दसरा झाला की धारूर, वडवणी, केजच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतील. उचल (आगाऊ रक्कम) घेऊन झाली आहे, मुकादमांच्या याद्या तयार आहेत. एकदा कोयता घेऊन माणूस पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेला की गुढीपाडव्यापर्यंत भेटत नाही. दाढ ठणकली तर फडाजवळच्या दुकानात तो काय मागेल आणि त्याला काय मिळेल, ते मला इथे बसून सांगता येतं. तेव्हा निघण्याआधीच्या आरोग्य तपासणीत हिरड्यांचा समावेश करावा ही मागणी आपण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत पोचवावी. पुढच्या पुरवणीत ती चौकट पुन्हा छापणार असाल, तर मथळा बदला आणि रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल दोन ओळी तेवढ्या घाला.

आपला नियमित वाचक,
एक औषध विक्रेता
किल्ले धारूर, जि. बीड