हाताच्या पट्टीबद्दल, मिलवॉकीहून

मिलवॉकी,
२० नोव्हेंबर

ती. आप्पा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण रविवारी व्हिडिओवर माझ्या मनगटाची पट्टी बघून आईनं विचारलं, "काय करून घेतलास रे हाताला?" आणि मी "कामावर जरा लागलं" म्हणून मोकळा झालो. ते खरं नव्हतं. आप्पांनी पस्तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काढली. मशीनवर लागलं म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं काय येणार, हे मला कळायला हवं होतं. मशीननं काही केलेलं नाही. हात बोलिंगनं दुखावलाय. ते फोनवर सांगायला गेलो की मधेच रेंज जाते आणि आप्पा विचारतात, "फास्ट की स्पिन?" म्हणून सविस्तर लिहितो. छोटीला मोठ्यानं वाचू दे, आप्पांनी डोळ्याला ताण देऊ नये.

जेवणाचं, खोलीचं परत लिहीत नाही, दर रविवारी तेच बोलतो. पहिला बर्फ पडून गेला. स्वेटर घालतो.

तर हे क्रिकेटचं बोलिंग नव्हे. साठ फूट लांब, साडेतीन फुटांहून जराशी कमी रुंद अशी गुळगुळीत पट्टी असते, तिला लेन म्हणतात. पलीकडच्या टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या, प्रत्येकी पंधरा इंच उंच. अलीकडून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि त्या पाडायच्या. पहिल्याच फेकीत दहाच्या दहा पडल्या की स्ट्राइक. सगळा डाव स्ट्राइकचा झाला तर ३०० गुण. या गावाचं आणि या खेळाचं नातं जुनं आहे. १८९५ साली निघालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेस या खेळाच्या संघटनेची कचेरी कित्येक दशकं इथंच होती, पुढं लगतच्या ग्रीनडेलमध्ये गेली आणि तिच्या जागी आलेल्या संघटनेनं ती २००८ साली टेक्सासला हलवली. आपल्याकडं गावोगावी तालमी, तसं इथल्या कारखान्यांच्या टीमांचं. आमच्या खात्यात चौघांची टीम होती, एकजण निवृत्त झाला, मला घेतलं. दर बुधवारी संध्याकाळी तीन डाव.

आता आई विचारणार म्हणून आधीच सांगतो. हो, तिथं बार आहे. मी कोक घेतो. परत येताना टीममधले एकजण गाडीनं दारात सोडतात, दहाच्या आत घरी. मी रात्री भटकत नाही.

तिथल्या बुटांबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण मला स्वतःलाच ते समजायला महिना लागला. आत गेलं की आपले बूट काढायचे आणि काउंटरवर नंबर सांगून भाड्याचे घ्यायचे. दुसऱ्यांनी घातलेले, टाचेवर ठळक आकडा लिहिलेले. परत दिले की त्यात औषध फवारून फळीवर ठेवतात, पुढचा माणूस घालतो. आई, तुझा चेहरा मला दिसतोय. पहिल्या दिवशी मी दोन मोजे घातले होते. आणि गंमत बघ, यातलेच कितीतरी लोक स्वतःच्या घरात बूट घालून थेट पलंगापर्यंत जातात. पण इथं मात्र आपण चांगळेश्वरीच्या देवळाबाहेर चपला काढतो तितक्या निष्ठेनं बूट बदलतात. कारण असं की चेंडू सोडताना शेवटचं पाऊल टाकायचं नसतं, घसरवायचं असतं. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा पाय फूटभर तरी सरकला पाहिजे. त्यासाठी तळवा गुळगुळीत लागतो. भाड्याच्या बुटांचे दोन्ही तळवे तसे असतात, स्वतःचे घेतले तर एक सरकणारा आणि दुसरा रोखणारा. त्या तळव्याला पाण्याचा एक थेंब लागला तरी पाय जागीच चिकटतो आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून नुसतं नळापर्यंत जायचं तरी लोक बुटांवर पिशवीसारखं कापडी आवरण चढवतात. बाहेर बर्फ असेल तेव्हा तर दारातून कोण ओल घेऊन आला यावर सगळ्यांचं लक्ष. एकदा मीच चुकून ओल्यात पाय दिला, तर आमच्या टीमच्या माणसानं मला खुर्चीत बसवून टॉवेलानं माझा बूट पुसला. वयानं आप्पांएवढा माणूस. मला फार संकोच झाला.

हात दुखावला त्याचं मूळ हूकमध्ये, म्हणजे वळणाऱ्या चेंडूत आहे. टीव्हीवरचे खेळाडू चेंडू उजव्या कडेनं सोडतात, आता लेनच्या कडेच्या पन्हाळीत पडणार असं वाटतं, आणि शेवटच्या वीसेक फुटांत तो डावीकडं वळून पिनांत घुसतो. पहिले चार महिने मी अंगातलं सगळं बळ लावून सरळच सोडत होतो. सरळ चेंडू पहिल्या पिनेला लागला की बाजूला ढकलला जातो, आणि मागच्या दोन-तीन पिना तशाच उभ्या. वळून येणारा चेंडू साधारण सहा अंशांच्या कोनानं पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत शिरतो. सरळ सोडून दोन अंशही मिळत नाहीत. नीट घुसला तर तो स्वतः फक्त चार पिनांना शिवतो, एक, तीन, पाच आणि नऊ. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. आप्पा, ते बघताना तुमची आठवण येते, सगळं मापात बसवलेलं काम असतं ते.

तो वळतो कसा, हे तुम्हाला लगेच कळेल. लेनवर तेल लावलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही. साधारण पहिल्या चाळीस फुटांवर तेल, मधोमध जास्त, कडांना कमी, आणि शेवटचा भाग कोरडा. ऑगस्टात शेतातून गाडी काढतानाचं आठवतं ना? चिखलात मागचं चाक नुसतं गरगरतं, गाडी हवी तिकडं जात नाही, आणि डांबरी लागली की तेच चाक एकदम पकड घेतं. चेंडूचंही तसंच. बाजूनं फिरत तेलावरून घसरत जातो आणि कोरड्यावर आला की पकड घेऊन वळतो. टीव्हीवरच्या खेळाडूंचा चेंडू मिनिटाला ३०० ते ५०० फेऱ्यांच्या वेगानं फिरतो. माझा अडीचशेच्या आतच असेल. आरपीएमचं हे गणित तुम्हाला मी काय सांगू.

आणि तो फिरवायला मी मनगट पिळत होतो. किल्ली फिरवावी तसं, जोर लावून, प्रत्येक चेंडूला. एका रात्री साठेक वेळा पिळलं असेल. दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवेना. डॉक्टरला दाखवलं, हाड ठीक आहे, शिरेवर ताण आलाय, दोन आठवडे पट्टी बांधायची. विम्यात बसलं, पैसे गेले नाहीत.

बूट पुसणारे ते गृहस्थ म्हणजे आमचे पॅटर्नमेकर, ओतकामाचे नमुने बनवणारे. पुढच्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं आणि हलका चेंडू दिला. चालायचंच बंद करायला लावलं. रेषेपाशी डावा पाय पुढं घेऊन उभं राहायचं, हात झोक्यासारखा मागं, पुढं, आणि सोडायचं. माझं कोपर त्यांनी दोन बोटांत धरलं होतं. म्हणाले, तू फेकतोयस, त्याला पडू दे. दोन शनिवार एवढंच केलं. मग कळलं की पिळायचं काही नसतंच. तळवा चेंडूच्या मागं ठेवायचा, अंगठा आधी बाहेर येतो, मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट निमिषभर आत राहतात. भोवऱ्याची जाळी सुटताना शेवटचा हिसका बसतो ना, तो त्या दोन बोटांनी द्यायचा आणि हात शेकहँडला पुढं केल्यासारखा वर जाऊ द्यायचा. आप्पा, तुम्ही मला कानस धरायला शिकवताना हातावर टपली मारून म्हणायचात, "सैल धर, धार काम करत्या." मी त्यांना ते भाषांतर करून सांगितलं. ते बराच वेळ मान हलवत होते.

पिनांकडं बघायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं. पंधरा फुटांवर लेनवर बाण असतात, नजर उजवीकडून दुसऱ्या बाणावर. खेळून खेळून तेल ओसरलं की चेंडू लवकर वळायला लागतो, मग पाय लेनच्या दोन फळ्या डावीकडं आणि नजर एक फळी डावीकडं. एकटी पिन उरली की हूक करायचाच नाही, प्लास्टिकच्या चेंडूनं सरळ मारायची. मोठमोठे खेळाडूही तेच करतात. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टी तर दोन्ही हातांनी चेंडू सोडतो, अंगठा भोकात घालतच नाही. मी ते करून बघणार नाही, आईला काळजी नको.

आता चेंडूचं. मी स्वतःचा घेतला. तिथल्या सगळ्यांसाठीच्या चेंडूंत बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जातात आणि हात अडकतो. स्वतःच्या चेंडूला पहिल्या पेरापुरतीच भोकं पाडतात. तो कारागीर अर्धा तास माझा हात मापत होता. अंगठ्याला गेजच्या कड्या घालून बघितल्या, बोटांमधलं अंतर घेतलं, मग चेंडू मशीनवर चढवून भोक पाडलं आणि त्याची कड हातानं पॉलिश केली. अंगठा आत घातला तेव्हा 'टप्' असा हलका आवाज आला. आप्पा, तुमच्या बोअरमध्ये बुश बसायचा तसा. पंधरा पौंडांचा, निळा आहे. भोकांसकट १६० डॉलर झाले, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. तेवढ्यात मागच्या पडवीचे पत्रे झाले असते, हे मला माहीत आहे. पत्र्यांचे पैसे मी वेगळे ठेवलेत, पुढच्या महिन्याच्या रकमेत येतील. डावामागं गुणांची सरासरी १४२ वरून १६३ वर आली आहे, एवढं तरी झालं.

एक राहिलं. आप्पांच्या मोतीबिंदूच्या दिवशी आईचे तीन फोन आले आणि मी उचलले नाहीत. मी मीटिंगमध्ये होतो असं म्हणालो. तुमच्याकडं गुरुवारची सकाळ, म्हणजे माझ्याकडं बुधवारची रात्र. फोन जाकिटात होता, जाकीट खुर्चीवर. ऑपरेशन शुक्रवारी आहे असं माझ्या डोक्यात बसलं होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा दोनशेच्या वर गेलो, २०४. सगळे टाळ्या देत होते. नंतर फोन बघितला. तुम्ही हॉस्पिटलात पोचून आत गेलाही होतात. ते २०४ मी कुणालाच सांगितले नव्हते, तुम्हालाच पहिल्यांदा लिहितोय. आता बुधवारी फोन टेबलावर, समोर असतो.

गडहिंग्लजचं स्थळ मला पसंत आहे. मुलगा शिनोळीला कामाला आहे, घर माहितीतलं आहे, छोटीची ना नाही, मग लांबवू नका. रेशनकार्ड तिकडं, दाखले इकडं, ही धावपळ होईल, पण ती कुठल्या सीमेवरच्या घराला चुकली आहे? निदान तिच्या घरचा जमिनीचा उतारा तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाही, आपल्याला कन्नडमधला लागतो तसा. खर्चाचे तीन लाख मी देतो. जानेवारीत दीड, मार्चमध्ये दीड. शिक्षणाच्या कर्जाचे सात लाख राहिलेत, त्याचे हप्ते थांबणार नाहीत, तुम्ही त्या बँकेच्या माणसाशी बोलायला जाऊ नका. आईनं पाटल्या मोडायचं मनातून काढून टाकावं.

वैशाखातली तारीख धरताय असं छोटी म्हणाली. धरा, माझ्यासाठी पुढं ढकलू नका. सुट्टी मिळेल, अडचण व्हिसाच्या शिक्क्याची आहे. एकदा बाहेर पडलो तर परत यायला तो नव्यानं मारून घ्यावा लागतो आणि त्याची तारीख मिळत नाही. वकिलाला विचारलंय. बोलिंगची लीग, म्हणजे बुधवारचे सामने, एप्रिलमध्येच संपते, त्याचा आणि याचा काही संबंध नाही, आईनं तसं मनात आणू नये. मी आलो नाही तर अक्षता कुणाच्या हातून पाठवायच्या ते बघतो. मामाच्या बाजूला भाऊ म्हणून धाकट्या चुलत्याच्या मुलाला उभं करा, तो तिच्या जवळचा आहे.

आत्यानं पाठवलेले माझ्यासाठीचे दोन फोटो मिळाले. छोटीचं होऊ दे, मग बोलू.

नवीन बासमती निघाली असेल. कुरिअर करू नका, भातापेक्षा भाडं जास्त होतं. थोडी पिठाच्या डब्याशेजारी ठेवा.

तुमचा,
थोरला

ता. क. आप्पा, डोळ्यातले थेंब चार वेळा घालायचे आहेत, तीन वेळा नव्हे. चिठ्ठीचा फोटो छोटीनं मला पाठवलाय. रात्रीचा तुम्ही चुकवता असं ती म्हणते.