हर्णैला जा, पण लिलावात गाडी घालू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे बारा किल्ले गेले त्यात कोकणात हर्णै बंदरासमोर समुद्रात असलेला सुवर्णदुर्ग आहे, तेव्हापासून हर्णैला जायचं डोक्यात होतं, दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन जाऊन आलो. किल्ला भारीच आहे. दरवाजा असा वळणात लपवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती.

पण पत्र लिहितोय ते बंदरासाठी. संध्याकाळी मासळीच्या लिलावाला गेलो, होड्या लागलेल्या, पाट्यांमधे पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल, कोळणींची बोली जोरात, आणि मधेच आमच्यासारख्या टुरिस्टांच्या गाड्या थेट वाळूत. एकाने तर भरलेल्या पाट्यांच्या मधे उभं राहून रील काढलं आणि वाट अडली म्हणून ओरडलेल्या मावशींनाच उलट बोलला. अहो त्यांचं पोट आहे ते! आधीच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बाकीच्या महिन्यांत पण वादळाचा इशारा आला की होड्या किनाऱ्यालाच, मग माल येतो त्या दिवशी एक-एक मिनिट महत्त्वाचं, बर्फ वितळला की भाव पडलाच.

आता वारसा म्हणून गर्दी आणखी वाढणार. तर पार्किंग बंदराच्या बाहेर करा, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांसाठी जागा वेगळी ठेवा, लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं करा (आमच्या होडीत निम्म्यांना नव्हतं आणि कोणी विचारलं पण नाही). आणि बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट, त्या तासन् तास तिथे बसतात हो. होड्या चालवायचं काम गावातल्याच लोकांना द्या, बाहेरचा ठेकेदार नको, तिथलं पाणी आणि खडक त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार?

अजून एक. १७५५ मधे इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने हा किल्ला आरमारप्रमुख तुळाजी आंग्रेंकडून घेतला, आणि जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मधे लंडनमधे त्याच्या आठवणीत बुरूज बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच! तो अजून उभा आहे. इकडे बंदरावर मला तरी आंग्र्यांबद्दल दोन ओळींचा बोर्ड दिसला नाही. तेवढा एक मराठीत लावा, लिलावाच्या जागेपासून जरा लांब, म्हणजे फोटोवाले तिकडे जातील.

- एक वाचक, पुणे